उसातला पॅटन, पुठ्ठ्यातला पॅटन

एम-48 पॅटन पुठ्ठ्यात करायला घेतला की सगळ्यात आधी हे कळतं की ह्या रणगाड्याला सपाट असं जवळपास काहीच नाहीये. खालचा हल, म्हणजे रणगाड्याचं धड, अख्खा ओतीव पोलादाचा, पोटाशी गोल, नाकाशी गोल, आणि वर बसलेला टरेट, म्हणजे तोफेसकट फिरणारा घुमट, तर सगळ्याच बाजूंनी गोल. आपल्या हातात काय, तर 200 जीएसएमचा कार्डपेपर, एक मिमीचा पुठ्ठा, कटर, स्टीलची पट्टी आणि फेविकॉल. कागद एका दिशेनं छान वळतो पण दोन दिशांना एकदम वळवायला गेलं की सुरकुती पडते नाहीतर फाटतो. गाउसनं 1827 मध्येच हे गणितानं सिद्ध करून ठेवलंय, चेंडूसारखा पृष्ठभाग ताणल्या-दाबल्याशिवाय सपाट होत नाही, आणि सपाट कागद तसा गोल होत नाही. जगाच्या नकाशात ग्रीनलंड एवढं अवाढव्य दिसतं ते ह्याच कारणानं, आणि पॅटनचा टरेट अडतो तोही इथेच.

हे सगळं कशासाठी ते आधी सांगतो. वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर एखादी लढाई मांडायची, दोन्ही बाजूंचे रणगाडे, जीप, सैनिक ठरलेल्या स्केलमध्ये ठेवायचे, टेपनं अंतर मोजून ते हलवायचे, ह्या गाडीला ती गाडी दिसते का हे डोळा खाली नेऊन बघायचं, आणि गोळा लागला का नाही ते फाशांवर ठरवायचं. प्रकार जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं 1824 मध्ये ह्याचे नियम बसवले, 1:8000 च्या नकाशावर धातूचे छोटे ठोकळे सरकवून अधिकारी लढाईचा सराव करायचे. आणि पुठ्ठ्याच्या रणगाड्याला तर खऱ्या सैन्याच्या इतिहासात जागा आहे. 1919 च्या व्हर्सायच्या तहानं जर्मनीला रणगाडे ठेवायला बंदी केली, तेव्हा त्यांच्या सैन्यानं मोटारींवर कापड, लाकूड आणि पुठ्ठ्याची खोटी टपं चढवून सराव केला. वीस वर्षांनी त्याच सैन्याचे खरे रणगाडे पोलंडमध्ये घुसले. त्यामुळे "पुठ्ठ्याचे आहेत, पोरखेळ आहे" असं कोणी म्हणालं की मला हेच आठवतं.

प्लास्टिकचे किट मिळतात की मग, असं विचारतात लोक. मिळतात, पण एका किटच्या पैशात पुठ्ठ्याची अख्खी रेजिमेंट उभी राहते, आणि दुसरं म्हणजे आपल्याला हव्या त्या लढाईतली हवी ती गाडी मिळेलच असं नाही. मला 1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धातली असल उत्तरची लढाई मांडायची होती. त्यात भारताकडून सेंच्युरियन, शर्मन आणि एएमएक्स-13, पाकिस्तानकडून पॅटन आणि शॅफी, शिवाय 106 मिमी रिकॉइललेस गन (मागे धक्का न देणारी हलकी तोफ) बसवलेल्या जीप. एवढा मेळा एका स्केलमध्ये, एका टेबलाला पुरेल इतका, विकत घेणं म्हणजे खिशाला भोक. मग डिझाइन करायचं आपणच. आणि खरं सांगू का, विकतच्या किटमध्ये गाडी जोडता येते, डिझाइन करताना गाडी समजते. फरक आहे तो.

स्केलचं बघा. आम्ही 1/72 वर खेळतो. सेंच्युरियनची रुंदी 3.39 मीटर, म्हणजे टेबलावर 47 मिमी. हल 7.6 मीटरचा, तो होतो साडेदहा सेंटीमीटर. पॅटन रुंदीला 3.63 मीटर, म्हणजे 50 मिमी. इथपर्यंत सोपं आहे. पण अंतराचं काय? एक किलोमीटरवरून मारलेला गोळा 1/72 मध्ये जवळपास चौदा मीटरवरून मारावा लागेल, एवढा हॉल कोणाच्या फ्लॅटमध्ये आहे? म्हणून गाडीचं स्केल वेगळं आणि जमिनीचं स्केल वेगळं ठेवतात. नवीन माणसाला हे पटत नाही, पण आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच असतात आणि मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही, तरी लहानपणी आपल्याला कधी खटकलं का? डोळा ते आपोआप सांभाळून घेतो. फक्त टेबलावरच्या सगळ्या गाड्या एकमेकांशी जुळल्या पाहिजेत, जीप जीपेएवढी आणि टँक टँकएवढा, तिथे तडजोड नाही.

आता डिझाइन. शाळेत पाचवीच्या गणितात घनाच्या घडणी असतात, सहा चौकोन कसे मांडले की दुमडून पेटी होते, त्याच ह्या. मी इंकस्केपमध्ये काढतो, काही जण ब्लेंडरमध्ये थ्रीडी करून पेपाकुरात उलगडतात, पण सॉफ्टवेअरनं आपोआप उलगडलेल्या घडणीत बारीक बारीक त्रिकोणांचा सडा पडतो आणि जोडणाऱ्याचा जीव जातो. हातानं उलगडलं की कुठली घडी ठेवायची, कुठे कापायचं, चिकटवायचा फ्लॅप कुठल्या बाजूला लपवायचा हे आपण ठरवतो. बाजूनं काढलेल्या चित्रात तिरक्या पत्र्याची खरी लांबी दिसते, वरून काढलेल्या चित्रात तो आखूड दिसतो, म्हणून समोरच्या तिरक्या पत्र्याची लांबी कायम बाजूच्या चित्रावरून घ्यायची, ते नसेल तर पायथागोरस. घडीच्या रेघेवर आधी शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवायचं, मगच दुमडायचं. लेझर प्रिंटचा टोनर घडीवर फुटतो आणि पांढरी रेघ दिसते, तिच्यावरून त्याच रंगाचं स्केचपेन फिरवलं की गाडी एकदम भरीव दिसायला लागते.

ह्या कामात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे एक मिमीचा पुठ्ठा. 1/72 मध्ये एक मिमी म्हणजे 72 मिमी. सेंच्युरियनच्या नाकावरचा तिरका पत्रा 76 मिमीचा होता. म्हणजे कटरनं तो तुकडा कापून हातात धरला की त्याची कड जवळपास खऱ्या चिलखताच्या जाडीची असते, स्केलप्रमाणे. एवढ्याशा जाडीमागे माणूस बसलेला असायचा हे त्या कडेकडे बघून जे कळतं ते आकडे वाचून कळत नाही. आणि मग तोच तुकडा तिरका बसवला, की समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला कापावी लागणारी जाडी पावणेदोनपटीच्या वर जाते. पत्रा तोच, वजन तेच, फक्त कोन बदलला. पट्टी घेऊन पुठ्ठ्यावर तिरकी रेघ मारून मोजा, समजवायला कोणी लागत नाही.

तर गाड्यांचे माझ्या डोक्यात आता दोनच प्रकार झालेत, पत्र्याच्या आणि ओतीव. पत्र्याच्या गाड्या पुठ्ठ्याला मानवतात कारण त्या कारखान्यातही आपल्यासारख्याच बनल्या, सपाट पत्रे कापून जोडून. जर्मनांचा टायगर घ्या, त्याच्या टरेटची बाजू म्हणजे 80 मिमी जाडीची एकच लांब पोलादी पट्टी घोड्याच्या नालेच्या आकारात वाकवलेली. पुठ्ठ्यात पण अगदी तसंच करायचं, एक पट्टी कापायची, पेन्सिलीवर घासून वळवायची, तळाला चिकटवायची, झालं. क्रुप कारखान्याच्या कामगारांनी जे भट्टीच्या आणि प्रेसच्या जोरावर केलं त्याचीच क्रिया आपण बोटांनी करतो, आणि आकार अचूक येतो, कारण मूळ आकारच एका दिशेनं वळलेला आहे. शर्मनचं गंमतीशीर आहे, त्याचा हल वेल्डेडही होता आणि ओतीवही, दिसायला भाऊभाऊ, पण वेल्डेड शर्मन एका संध्याकाळचं काम आणि ओतीव शर्मन डोक्याला ताप.

पॅटनवर मी शेवटी जो उपाय काढला तो दहावीच्या भूमितीतला, शंकुछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू. शंकू कागदात होतो, गोल होत नाही, मग टरेट म्हणजे एकावर एक दोन शंकुछेद, खालचा उभट, वरचा पसरट, आणि डोक्यावर झाकण. जवळून बघितलं तर मध्ये एक कडा दिसते. तीन फुटांवरून दिसत नाही. आणि तीन फुटांचाच तर सगळा खेळ आहे, टेबलाच्या कडेला उभं राहून माणूस तेवढ्याच अंतरावरून बघतो, ते 1/72 च्या हिशोबानं सहासष्ट मीटर झाले. सहासष्ट मीटरवरून खऱ्या रणगाड्याचे बोल्ट कोण मोजतं? पण पॅटनच्या तोफेच्या टोकाला असलेला इंग्रजी टी आकाराचा डिफ्लेक्टर (गोळा सुटताना येणारा धूर बाजूला वळवणारा तुकडा) त्या अंतरावरून स्वच्छ दिसतो, तो गाळला की पॅटन पॅटन राहत नाही. तो मी कार्डपेपरच्या दोन थरांचा करतो. हुक, साखळ्या, हत्यारांचे क्लिप असलं सगळं छापून टाकतो, वेगळं चिकटवत नाही. ह्यावरून माझे काही मॉडेलवाल्या मित्रांशी वाद होतात, त्यांना प्रत्येक बोल्ट हवा असतो. ठेवा ना, काचेच्या कपाटात ठेवायचं असेल तर ठेवा. पण टेबलावरची गाडी दिवसभर चार जणांच्या हातातून फिरते, पहिल्या तासात ते बोल्ट सतरंजीवर सापडतात.

ओळख पटणं हेच खरं, हे मला नीट कळलं ते एका रिटायर्ड रिसालदार काकांमुळे. नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) आर्मर्ड कोअरचं सेंटर आहे, त्यामुळे आमच्या भागात टँकवर नोकरी केलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात, आणि तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम 1994 पासून आहे, मापं आणि फोटो घ्यायला मी तिथेच जातो. सेंच्युरियनभोवती हळूहळू एक चक्कर मारली की जे कळतं ते ड्रॉइंगमधून कळत नाही, उदाहरणार्थ टरेट ओतीव असला तरी त्याच्या दोन्ही बाजूंना सामानाच्या पत्र्याच्या पेट्या अशा बसवल्यात की गोलाई झाकली जाते, आणि बाजूला लोंबणारे स्कर्टचे पत्रे चाकांचा वरचा भाग झाकतात. पुठ्ठ्यावाल्याचं निम्मं काम तिथेच हलकं झालं. तर हे काका घरी आले होते वडिलांकडे, दारातच थांबले, टेबल दाराकडून बारा-एक फुटांवर, आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "सेंच्युरियन आहे काय रे तो?" जवळ पण आले नव्हते. मी हिशोब केला, बारा फूट म्हणजे अडीचशे मीटरच्या वर.

मग आले, चष्मा लावला, उचलला, उलटा करून तळ बघितला, आणि टरेट फिरवून तोफ मागच्या बाजूला नेली. "लांबच्या चालीला गन अशी मागं बांधून ठेवायची, मागं तिला टेकू असतो. तू टेकू नाही केलास." मी म्हटलं, काका, तो फार बारीक होतो ह्या स्केलला. तर म्हणाले, "बारीक होऊ दे. पण टँक कुठं चाललाय आणि लढायला चाललाय का नुसता चाललाय, हे लांबून त्याच्यावरूनच कळतं." आता सेंच्युरियनच्या इंजिनवरच्या पत्र्यावर तो टेकू असतो, पुठ्ठ्याच्या एका छोट्या व्ही आकाराचा, आणि आमच्या नियमात कॉलममध्ये, म्हणजे एकामागे एक रांगेत, चालणाऱ्या सेंच्युरियनची तोफ मागे ठेवायची पद्धत पडली. खेळताना समोरच्याला एका नजरेत कळतं की ही तुकडी अजून लढाईला तयार नाहीये.

असल उत्तरकडे येतो, कारण गाड्या शेवटी तिथे जायच्यात. सप्टेंबर 1965, पंजाबातलं खेमकरण. पाकिस्तानच्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनचे पॅटन पुढे सरकले, आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजननं मागे येऊन असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबंदी केली, आणि 8 ते 10 सप्टेंबरच्या लढाईत पॅटन त्या नालेत शिरले. आपल्या रणगाडा रेजिमेंट, 3 कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन, 8 कॅव्हलरीचे एएमएक्स-13, उसात दडून बसलेले. कालव्याचं पाणी रानात सोडलेलं. भारतीय नोंदींमध्ये पाकिस्तानच्या 97 रणगाड्यांचा आकडा येतो, आणि पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ रांगेत उभे केले त्या जागेला पॅटन नगर म्हणायला लागले.

मी उसाच्या पट्ट्यातला आहे. वाफसा नसताना, म्हणजे रान पुरेसं सुकलेलं नसताना, त्यात साधा ट्रॅक्टर कोणी घालत नाही, घातला तर काढायला दुसरा आणावा लागतो, आणि हे 45 टनांच्या आसपासचं धूड पाणी भरलेल्या चिखलात घातलेलं. पुस्तकात "दलदलीत रुतले" एवढंच लिहिलेलं असतं, ते वाचून शहरातल्या वाचकाला काय कळणार. उभ्या उसात पाच फुटांवरचा माणूस दिसत नाही, उसाची उंची आणि रणगाड्याची उंची साधारण सारखी, पॅटन 3 मीटरच्या थोडा वर. टेबलावर ऊस कशाचा करायचा ह्यावर बरेच प्रयोग झाले, सगळ्यात उत्तम ठरलं काथ्याचं पायपुसणं, चौकोन कापून हिरवा-पिवळा रंग मारायचा. चार सेंटीमीटरचे काथ्याचे तुरे मिळत नाहीत पण अडीच सेंटीमीटरमध्येही सेंच्युरियनचा हल लपतो आणि फक्त टरेट वर राहतो, ते पुरेसं आहे. समोर बसणारा मित्र, जो पाकिस्तानच्या बाजूनं खेळतो, तो दर वेळी डोकं टेबलाला टेकवून त्या काथ्याच्या रानाकडे बघतो आणि त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. त्या क्षणी पॅटनच्या कमांडरला काय दिसत असेल ते त्याला न सांगता कळतं.

आणि जीप. चौथ्या ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद ज्या 106 मिमी गनवर होते ती जीपवर बसवलेली. ही गन 3.4 मीटर लांब, आणि जुनी विलीज जीप 3.33 मीटर. म्हणजे गाडीपेक्षा नळी लांब! 1/72 मध्ये दोन्ही पाच सेंटीमीटरच्या आत. नळी मी इअरबडच्या कागदी काडीची करतो, मागचा फुगीर भाग कागदाची पट्टी गुंडाळून. जीपला टप नाही, दार नाही, चिलखत नाही, समोरची काच खाली पाडलेली. पुठ्ठ्याचे आठ-नऊ तुकडे, बास. बाकी सगळ्या गाड्यांवर चिलखत दाखवायला मी जाड पुठ्ठा वापरतो, जीप मात्र मुद्दाम साध्या कार्डपेपरची, बोटांनी दाबली तर चेपेल अशी. पॅटनशेजारी ठेवली की तिच्यावर बसून रणगाड्यावर नेम धरणं म्हणजे काय होतं ते दिसतं. हमीद 10 सप्टेंबरला शहीद झाले, परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं.

खऱ्या माणसांनी जीव दिलेल्या लढाईचा खेळ करावा का, हा प्रश्न मला विचारतात आणि तो रास्त आहे. माझं मत असं की कसा करता त्यावर आहे. आमच्या टेबलावर कुठल्याही शहिदाच्या नावाचं कार्ड नाही, "हिरो" नावाचे जादा गुण नाहीत. जीप ही जीप आहे, तिला तेच नियम, तेवढंच संरक्षण, म्हणजे शून्य. ती जिंकली तर खेळाडूनं उसाचा, वाऱ्याचा, दिसण्या-न दिसण्याचा विचार केला म्हणून जिंकली, आणि बहुतेक वेळा ती टिकत नाही. जादा गुण दिले असते तर ते सोपं वाटलं असतं, आणि ते सोपं नव्हतं. पाकिस्तानच्या बाजूलाही आम्ही मूर्ख ठरवत नाही, चांगला रणगाडा, चांगली तोफ, चिलखत आपल्यापेक्षा नवीन, तरी जमीन न बघता पुढे गेलं की काय होतं हे कळायला समोरचा खेळाडू मनापासून जिंकायला खेळला पाहिजे.

थोडं व्यवहाराचं, कोणाला करून बघायचं असेल तर. सुरुवात जीपनं नाहीतर वेल्डेड शर्मननं करा, पॅटननं नको. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पाहिजे तो कागद मिळतो. कागदाला ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, असतो, तो बघून लांब घड्या त्याच दिशेनं ठेवा, नाहीतर घडी फाटकी येते. फेविकॉल पाण्याचा असतो, एकाच बाजूला फासला की पुठ्ठा वाकतो, म्हणून पातळ लावा आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. आत आडव्या-उभ्या पट्ट्यांचा सांगाडा घाला आणि तळाला दोन लोखंडी वॉशर चिकटवा, कारण आपल्याकडे पंखा बंद ठेवून खेळता येत नाही आणि पंखा चालू केला की पुठ्ठ्याची रेजिमेंट स्वतःहून माघार घेते. पावसाळ्यात सगळं दमट होतं, आधी वार्निशचा हात मारून ठेवा. आणि डब्यात कसर लागणार नाही ते बघा, तिला कागदापेक्षा खळ जास्त आवडते.

सध्या टेबलावर एएमएक्स-13 चं काम चालू आहे. हलका फ्रेंच टँक, 1962 मध्ये आपल्या हवाई दलानं एएन-12 विमानांतून हेच टँक थेट लडाखमधल्या चुशूलला नेले होते. हल जेमतेम 4.88 मीटर, म्हणजे टेबलावर सात सेंटीमीटरपण भरत नाही. सगळा पेच त्याच्या टरेटचा, तो दोन भागांचा आहे, खालचा भाग गोल फिरतो आणि वरचा भाग तोफेसकट वर-खाली डोलतो, तोफ वरच्या भागात पक्की बसवलेली. तिच्या मागे सहा-सहा गोळ्यांचे दोन ड्रम, ते संपले की ड्रम भरायला क्रूला बाहेर यावं लागतं, म्हणजे बारा गोळ्यांनंतर मागे सरकून आडोसा शोधणं आलंच. नियम लिहून झालाय, बारा खुणांची एक पट्टी हलच्या तळाला छापली की झालं. वरचा भाग डोलवायला आरपार उदबत्तीची काडी घालून बघतोय, भोक दीड मिमीचं पाडलं की घट्ट बसते, दोन मिमीचं पाडलं की तोफ नाकावर पडते, आणि मला ती ठेवू तिथे राहायला हवीये. बहुतेक काडीच्या दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची छोटी चकती लावून जमेल.